लॅबच्या काकांना, मनापासून

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

चार वर्षं बीडीएस, एक वर्ष इंटर्नशिप, मग राज्य दंत परिषदेत नोंदणी, एवढं झालं की दातांचा डॉक्टर कायद्याने तयार होतो. पण जुळे सोलापुरात किंवा अशोक चौकात स्वतःची खुर्ची टाकल्यावर त्याला खरं घडवतं ते कॅप-कवळ्या बनवणाऱ्या लॅबमधून परत आलेलं माप, म्हणजे पेशंटच्या दातांचा घेतलेला ठसा. तुम्ही ते नुसतं परत पाठवत नाही. चूक कुठे आहे तिथे पेन्सिलने खूण करता, आणि संध्याकाळी फोन करून कारण सांगता. त्याबद्दल आम्ही शहरातले डॉक्टर जाहीरपणे तुमचे आभार मानतो.

सगळ्यात मोठा उपकार उन्हाळ्यातला. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ वर गेला की अल्जिनेट, म्हणजे पाण्यात कालवायची मापाची पावडर, वाटीतच घट्ट व्हायला लागतं. ट्रे तोंडात जाईपर्यंत ते मरतं आणि दातांच्या कडा गोलसर उमटतात. म्हणून कुणी पाणी वाढवतं, तर माप काढताना फाटतं. तुमचा सल्ला साधा : प्रमाण हलवू नका, पाणी फ्रिजमधलं घ्या, डब्याचं झाकण घट्ट ठेवा. माप निघालं की लाळ धुवा, हायपोक्लोराइट फवारून दहा मिनिटं बंद पिशवीत ठेवा, पुन्हा धुवा आणि लगेच त्यात स्टोन, म्हणजे कडक प्लास्टर, ओता. पंख्याखाली ठेवलेलं माप आकसतं, पाण्यात बुडवलेलं फुगतं, आणि दोन्हींवर केलेली कवळी बसत नाही. १०० ग्रॅम स्टोनला ३० मिली पाणी मोजून घ्यायचं, ट्रेच्या एकाच टोकाकडून थोडं थोडं थरथरवत सोडायचं, मग पाऊण ते एक तास हात लावायचा नाही. हे तुम्ही आमच्या सहायक मुलींनाही शिकवलंत. आज कित्येक क्लिनिकांत त्यांचं ओतकाम डॉक्टरांपेक्षा नेटकं असतं.

कॅपचंही तसंच. मेटल-सिरॅमिकला, म्हणजे धातूवर पोर्सेलिन चढवलेल्या कॅपला, चावायच्या बाजूने दीड ते दोन मिलिमीटर जागा लागते. शेवटच्या दाढेचा मागचा उंचवटा घासायचा राहतो, तिथे पोर्सेलिन पातळ होतं आणि काही महिन्यांत टवका उडतो. पेशंट म्हणतो, लॅबचं काम हलकं. हा अन्याय तुम्ही वर्षानुवर्षं सोसलात. एकाच डॉक्टरकडून अर्धवट उमटलेली मापं ओळीने आली की तुम्ही विचारता, ‘पेशंटचं तोंड नीट उघडतंय ना?’ गुटखा-सुपारीच्या या पट्ट्यात तो प्रश्न फार मोलाचा आहे. तोंड दोनच बोटं उघडत असेल तर कॅप बाजूला ठेवून आधी गालाची आतली बाजू तपासायला हवी.

हिरडीतून रक्त येत असताना सिलिकॉनचं माप घेतलं तर मार्जिनच्या रेषेवर, म्हणजे कॅपची कड दाताला भिडते तिथे, बुडबुडा येतो. ती रेषा तुम्ही अंदाजाने कधीच पुरी केली नाहीत, आणि तेच बरोबर आहे. अंदाजाने केलेली कड उघडी राहते, तिथून सिमेंट विरघळतं आणि आतून दात किडतो. म्हणून आधी हिरडी बाजूला सारणारा दोरा बसवा, कोरडं करा, सुजलेली हिरडी साफ करून आठवडाभर थांबा. मिशरी लावणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बायकांना मात्र प्रत्येक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी. त्यांच्यासाठी तुम्ही सुचवलेला क्रम आम्ही सोडलेला नाही : सफाई, ढोबळ घासणं आणि तात्पुरती कॅप पहिल्या भेटीत, कडा आखून माप दुसऱ्या भेटीत. एक खेप वाचते आणि कॅपही टिकते.

दाताच्या रंगाची शेड दिवसाउजेडी, दात घासण्याआधी आणि ओला असतानाच घ्यायची, हेही तुमचंच.

कवळीच्या मेणाच्या ट्रायलला साठ ते सत्तर मोजायला लावायचं. दात खटखटले तर कवळीची उंची जास्त झाली, वरच्या-खालच्या दातांमधली दोन-चार मिलिमीटरची मोकळीक उरली नाही. पूर्व भागातल्या तेलुगू आजोबांना मात्र मराठी आकडे मोजायला लावू नका, त्यांना सोबत आलेल्या नातवाशी बोलू द्या आणि ऐका, असं तुम्ही सांगितलंत. ते कॉलेजात कुणी सांगत नाही.

१९४८ च्या दंतवैद्य कायद्याने डेंटल मेकॅनिकची, म्हणजे तुमच्यासारख्या लॅबच्या कारागिराची, नोंदणी स्वतंत्र ठेवली, तरी क्लिनिकच्या पाटीवर नाव एकट्या डॉक्टरचं असतं. निदान आमच्या पेशंटना तरी कॅप कुणी घडवली ते आम्ही सांगत जाऊ. चिठ्ठीवर दाताचा क्रमांक, शेड, धातू आणि ट्रायलची तारीख लिहू, समोरच्या जबड्याचं माप आणि बाइट, म्हणजे दात मिटल्यावरची खूण, सोबतच पाठवू. मेण, धातूचं कास्टिंग, धातू झाकणारं ओपेक, पोर्सेलिनचे थर, ग्लेझ या सगळ्याला वेळ लागतो, तेव्हा ‘उद्याच द्या’ म्हणणार नाही. बिल त्याच महिन्यात चुकतं करू.

एक विनंती आहे. यंदा इंटर्नशिप संपवून इथेच बसणाऱ्या मुलांना, खुर्ची विकत घेण्याआधी, आठ दिवस तुमच्याकडे ओतकामाला पाठवायचं ठरवतोय. स्टोन आणि वाट्या ती आपापल्या आणतील. कधीपासून पाठवू तेवढं कळवा.

आपले,
सोलापुरातले तुमचे डॉक्टर