वहिनींच्या रिपोर्टमधली ती ओळ

पुणे

प्रिय सुनंदा,

वहिनींचा बायोप्सी रिपोर्ट वाचला. ‘ट्रिपल निगेटिव्ह’ (इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि एचईआर2 हे तिन्ही रिसेप्टर नसलेला स्तनाचा कॅन्सर) या शब्दांनी घरात सगळ्यांचा धीर सुटलाय, हे तुझ्या आवाजावरूनच कळलं. पण ‘स्ट्रोमल टीआयएल 60 टक्के’ ही जी शेवटची ओळ तू विचारलीस, तिच्याबद्दल मला नीट लिहायचंय.

गाठीत नुसत्या कॅन्सरच्याच पेशी नसतात गं. स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली की त्यांच्या मधेमधे रक्तवाहिन्या, कोलॅजनचे तंतू तयार करणारे फायब्रोब्लास्ट, नको ते गिळून टाकणाऱ्या मॅक्रोफेज पेशी आणि गर्द निळ्या ठिपक्यांसारख्या लिम्फोसाइट दिसतात. टीआयएल म्हणजे गाठीत शिरलेल्या याच लिम्फोसाइट, आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी. कॅन्सरपेशींमधल्या जागेचा 60 टक्के भाग त्यांनी व्यापलाय. ट्रिपल निगेटिव्हमध्ये त्या जास्त असल्या की केमोचा गुण चांगला येतो, आजार उलटण्याचं प्रमाण कमी राहतं. खात्री कुणीच देणार नाही, पण मला ही ओळ वाचून बरं वाटलं.

आजूबाजूच्या पेशींचा विचार तसा जुना आहे. लंडनच्या स्टीफन पेजेट या सर्जननं 1889 मध्ये स्तनाच्या कॅन्सरनं दगावलेल्या 735 स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. आजार यकृतात वारंवार पसरलेला, प्लीहेत मात्र क्वचित. बी कुठेही पडलं तरी मानवेल त्याच जमिनीत रुजतं, असं त्यानं मांडलं. मला त्याहून थक्क करतो तो मिना बिसेल यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेतला 1997 चा प्रयोग. स्तनाच्या कॅन्सरपेशींना भोवतालचे संदेश पोचवणारं एक प्रथिन, बीटा-1 इंटिग्रिन, त्यांनी अडवलं. जनुकांमधले बिघाड तसेच होते, तरी त्या पेशी निरोगी पेशींसारख्या गोलाकार रचनेत शिस्तीत बसल्या!

हाच शेजार उलटही वागतो. कोलॅजनचे तंतू गाठीच्या कडेला काटकोनात उभे राहिले तर त्यांच्या आधारानं कॅन्सरपेशी बाहेर सरकतात, आणि काही मॅक्रोफेज त्यांना रक्तवाहिनीत शिरायला मदत करतात.

लिम्फोसाइट किती, इतकंच बघून भागत नाही. त्या कुठे आहेत तेही महत्त्वाचं. स्टॅनफर्डमध्ये 2018 साली 41 ट्रिपल निगेटिव्ह रुग्णांच्या गाठींत 36 प्रथिनं एकाच वेळी रंगवून पेशींचा नकाशा काढला. काही गाठींत कॅन्सरपेशी आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी सरमिसळ होत्या, काहींत वेगवेगळ्या भागांत. वेगळ्या भागांत असलेल्यांचं आयुर्मान जास्त निघालं. मला उलटं वाटलं असतं. आपल्या नेहमीच्या रिपोर्टमध्ये मात्र ही मांडणी अजून येत नाही.

आता कामाचं. आजार दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातला असेल, तर ऑपरेशनआधी केमोसोबत पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध द्यायचं का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचार. ते लिम्फोसाइटवरचा लगाम काढतं. महाग आहे, म्हणून खर्चाचंही तेव्हाच बोलून घ्या. आणि लॅबमधून स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) दोन्ही मागून घे. दुसरं मत घ्यायचं झालं तर लागतील. मला पाठवलेस तर मी स्वतः बघेन.

तुझी,
माधवी