बुलेटच्या तेलाचे तापमान : मित्रास पत्र

धरमपेठ, नागपूर
दि. २ फेब्रुवारी

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. उन्हाळा तोंडावर आला असताना बुलेटला ऑइल कूलर लावून घ्यावा की नाही, असे तू विचारले आहेस. माझे मत असे की आधी ऑइल टेंपरेचर मीटर लावून घ्यावा आणि कूलरचा विचार एक उन्हाळा लांबणीवर टाकावा. तेल किती तापते हेच ठाऊक नसताना ते थंड करण्याची सोय करणे म्हणजे थर्मामीटर न लावता तापाचे औषध देणे. शिवाय कूलर काही उन्हाळ्यापुरता काम करत नाही. तो थंडीतही तितक्याच इमानाने तेल थंड करत राहतो, आणि तेव्हा ते आपल्याला मुळीच नको असते. हे मी नुसत्या तर्काने लिहीत नाही, मीटरचा काटा पाहून लिहितो आहे.

मीटर बसवण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली सोपी : तेल भरण्याच्या झाकणाच्या जागी घड्याळी तबकडी असलेले झाकण लावायचे. त्यात वायरिंगची भानगड नाही. पण झाकणातून आत जाणारी दांडी तेलात बुडते की तेलाच्या वर नुसती लटकते, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. दांडी हवेत राहिली तर ती तेलाचे नव्हे, इंजिनाच्या पोटातल्या वाफेचे तापमान सांगते. त्यात चालत्या गाडीवर मान खाली घालून गुडघ्याजवळची तबकडी वाचायची, हा प्रकार वर्धा रोडच्या वाहतुकीत मला पसंत नाही.

म्हणून मी दुसरी वाट धरली : ड्रेन प्लगमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी जुने तेल काढण्यासाठी असलेल्या बुचात, सेन्सर आणि हँडलवर मीटर. गाडीचा मूळ प्लग तसाच जपून ठेवला आणि एक जादा प्लग विकत घेऊन तो लेथवाल्याकडून मधोमध भोक पाडून, आत १/८ इंची पाइपचे आटे पाडून घेतला. येथे घाई नको. भोक पाडल्यावर प्लगच्या भिंतीत पुरेसे लोखंड उरले पाहिजे, आणि सेन्सरचे टोक आत कोणत्याही फिरत्या भागाला किंवा जाळीला लागता कामा नये. टोकावर मुलांच्या खेळातली माती थापून प्लग हातानेच बसवावा, इंजिन किकने सावकाश फिरवावे आणि प्लग काढून मातीवर काही घासल्याची खूण उमटली आहे का ते पाहावे. सेन्सरचे आटे निमुळते असतात. ते शेवटपर्यंत कसण्यासाठी नसतातच. जोर केलास तर सेन्सर राहील आणि प्लग चिरेल. प्लगखाली तांब्याचा वॉशर मात्र दर वेळी नवा घालावा.

एक बारीक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. एकाच तारेच्या सेन्सरचे अर्थिंग, म्हणजे वीज परत बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाण्याची वाट, त्याच्या आट्यांमधूनच होते. गळती नको म्हणून आपले मिस्त्री सवयीने टेफ्लॉन टेपचे वेढे देतात, आणि मग टेप अर्थिंगच्या आड येऊन मीटर खरे त्यापेक्षा कमी तापमान दाखवू लागतो. दोन तारांचा सेन्सर मिळाला तर हा प्रश्नच उरत नाही, तोच घे.

बसवण्यापूर्वी मीटरची परीक्षा घरीच घेता येते. पातेल्यात पाणी उकळत ठेवून सेन्सरचे टोक त्यात सोडावे, फक्त ते तळाला टेकू देऊ नये. एकाच तारेचा सेन्सर असेल तर त्याची बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला तारेने जोडावी. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच असल्यामुळे आपल्याकडे पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळते. माझा मीटर तेव्हा १०२ दाखवत होता; आता वाचताना मी मनातल्या मनात तीन वजा करतो आणि त्यापलीकडे त्याची चिंता करत नाही.

वायरिंग थोडक्यात सांगतो : मीटरला वीज किल्लीनंतरच्या वायरवरून द्यावी, मध्ये लहान फ्यूज घालावा आणि सेन्सरची तार सायलेन्सरपासून दूर, फ्रेमला बांधत वर न्यावी. सेन्सरच्या पोटात थर्मिस्टर असतो. तो तापला की त्याचा रोध कमी होतो. म्हणून तार तुटली तर काटा गार पडतो आणि तार सोलून बॉडीला टेकली तर तो एकदम तांबड्या टोकाला जातो. रस्त्यात असे झाले तर घाबरून जाऊ नकोस. एवढे तेल क्षणात तापत नाही. तेलाचा काटा नेहमी सावकाश चढतो. खाली आलेल्या सेन्सरला गतिरोधकाचा मार बसू नये म्हणून मी प्लगच्या पुढे जाड पत्र्याची आडपट्टी बसवून घेतली आहे. तुझ्या गावाकडचे रस्ते पाहता तुला तर ती हवीच.

आता मुख्य गोष्ट, काटा काय सांगतो. आपली गाडी एअर-कूल्ड, म्हणजे वाऱ्याने थंड होणारी, त्यामुळे एका ठरावीक वेगाला तेल बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ठरावीक अंशांनी वर जाऊन स्थिरावते. थंडीतल्या सकाळी, हवा १० अंशांच्या आसपास असताना, बुटीबोरीच्या रस्त्याने ७० च्या वेगाला काटा ८० च्या जवळ थांबतो. मे अखेरच्या नवतपात ४५ अंशांच्या दुपारी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला तो ११० च्या पुढे सरकतो. हा आकडा ऐकून तू दचकशील, पण दचकण्याचे कारण नाही. आपण वापरतो त्या तेलाच्या १५डब्ल्यू-५० या नावातला ५० हा आकडा तेलाच्या १०० अंशांना मोजलेल्या दाटपणावरून ठरतो. म्हणजे एवढी उष्णता तेल बनवणाऱ्यांनी धरलेलीच आहे. काटा १३० च्या घरात जाऊन तिथेच ठाण मांडू लागला तर मात्र वेग कमी करावा, कारण दर १० अंशांमागे तेल सडण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. अशी वेळ वारंवार आली तरच कूलर.

कूलरबद्दलचे माझे मत बनले ते उन्हाळ्याने नव्हे, जानेवारीने. धरमपेठेतून सिव्हिल लाइन्समधल्या ऑफिसला पोहोचेपर्यंत तेल जेमतेम ५० अंशांवर येते. इंजिनाचा आवाज गरम झाल्यासारखा वाटतो, सिलिंडरला हात लावता येत नाही, आणि तेल मात्र कोमटच. ज्वलनातून आत उतरलेले पाणी आणि पेट्रोल अशा तेलातून उडून जात नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढुरका चिकट थर दिसतो तो त्यामुळेच. आपण सारी काळजी मे महिन्याची करतो, आणि रोजच्या दोन-अडीच किलोमीटरच्या फेऱ्यांनी खराब होणाऱ्या तेलाकडे कोणाचे लक्ष जात नाही. तेव्हापासून मी थंडीत रविवारी गाडी काटोल रोडने लांबवर नेतो, काटा ८० च्या आसपास काही वेळ टिकला की परत फिरतो, आणि तेल किलोमीटर मोजून नव्हे तर महिने मोजून बदलतो. काटा ६० पार करेपर्यंत गाडी ताणायची नाही, हा नियमही मीटरनेच लावला. जागच्या जागी उभी ठेवून गाडी तापवत बसण्यापेक्षा निघून हळू चालवणे बरे.

तेल निवडताना डब्यावर जेएएसओ एमए ही मोटारसायकलच्या तेलाची जपानी मानक खूण पाहून घे. आपल्या गाडीत इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकच तेल असते, आणि मोटारीचे निसरडे तेल क्लचला मानवत नाही.

होळीला येशील तेव्हा तुझ्या ड्रेन प्लगचा व्यास आणि आट्यांचे अंतर मोजून आण, किंवा सरळ एक जादा प्लगच घेऊन ये. लेथवाला ओळखीचा आहे, अर्ध्या दिवसात काम होईल. मीटर मात्र तुझ्या पसंतीने घे. माझ्यासारखा काट्याचा घेतलास तर उन्हात वाचायला सोपा जातो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत