जन्म नोंदणीच्या टेबलावरच्या ताईंना

आदरणीय ताई,

दाखल्यांसाठी समोर रांग असतानाही क्षेत्रीय कार्यालयात तुम्ही आम्हाला जन्माची माहिती कळवायचा नमुना क्रमांक 1 ओळ न् ओळ समजावून दिलात. लोकसंख्येचा अभ्यास करून धोरणासाठी टिपणं लिहिणाऱ्यांना आकडे मिळतात, पण ते कसे तयार होतात हे तुमच्यासारखी माणसंच सांगू शकतात. म्हणून हे जाहीर आभार.

आई कुठलीही असो, जन्माची नोंद जन्म झाला तिथेच होते. दौंड-इंदापूरची बाई पुण्यात बाळंत झाली की जन्म पुण्याच्या खात्यात. त्यात आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे नुसत्या नोंदी मोजून लोकसंख्येने भागल्या, तर मोठी रुग्णालयं असलेल्या भागाचा जन्मदर फुगतो, आणि अंगणवाडी जिथे खरी हवी आहे त्या गावाचा दर खाली दिसतो. तुम्ही नेमकं बोट ठेवलंत ते नमुन्याच्या सांख्यिकी भागातल्या आईच्या राहण्याच्या गावाच्या रकान्यावर. लगेच बजावलंतही, की नातेवाईक घाईत माहेरचाच पत्ता सांगून मोकळे होतात, तेव्हा कायदेशीर भागातला आई-वडिलांचा कायमचा पत्ता शेजारी ठेवून बघा आणि जुळत नसेल तर ती नोंद बाजूला काढा. ही मेख टेबलावर बसणाऱ्यालाच ठाऊक.

तारखांचंही तसंच. जन्म 21 दिवसांत कळवायचा असतो, त्यामुळे डिसेंबरअखेरची बाळं जानेवारीत नोंदली जातात. मोजणी जन्मतारखेनुसारच हवी, आणि उशिरा येणाऱ्या नोंदी धरून ताज्या महिन्यांचे आकडे कच्चेच समजायचे.

"एवढ्याशा प्रभागाचं एका वर्षाचं मुलींचं प्रमाण कशाला काढता?" हा तुमचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. नैसर्गिक प्रमाण हजार मुलग्यांमागे 950 मुली धरलं, तरी 400 जन्मांत ते निव्वळ योगायोगाने 780 ते 1150 यांत कुठेही पडू शकतं. 10,000 जन्मांत तोच पल्ला साधारण 915 ते 990 इतका आवळतो. छोट्या प्रभागावर एका वर्षाच्या आकड्यावरून ठपका ठेवणं अन्यायाचं आहे, आणि जिथे खरोखर गर्भलिंगनिदान चालतं तो भाग या गोंधळात सुटणं त्याहून वाईट. निदान तीन वर्षांच्या नोंदी एकत्र घ्यायलाच हव्यात.

भाजकाकडेही तुम्हीच लक्ष वेधलंत. महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं आली. फुरसुंगी, उरुळी देवाची नंतर वेगळी झाली. आजच्या जन्मांना 2011 च्या जनगणनेतल्या, जुन्या हद्दीच्या लोकसंख्येने भागून चालणार नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. तिचे आकडे हाती येईपर्यंत गावनिहाय जुळवाजुळव करावीच लागेल.

आता बाळाच्या वजनाचा रकाना समजून घ्यायचा आहे. 2.5 किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं, आणि वजन पूर्णांकात किंवा अर्ध्यात लिहिलं की 2.5 च्या जरा खालची बाळं नेमकी 2.5 वर जाऊन बसतात. रांग कमी असेल तेव्हा येतो.

आपले कृतज्ञ,
लोकसंख्या अभ्यासक, पुणे