मॅडम, त्या वळणासाठी मनापासून आभार

आदरणीय मॅडम,

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच कामाचा विषय काढता, म्हणून हे जाहीर पत्र. रस्त्यांच्या डिझाइनमध्ये नव्याने येणाऱ्यांनीही ते वाचावं असं फार वाटतं.

ते वळण तुम्हाला आठवत असेलच. त्रिज्या ६०० मीटर, वेग ताशी १०० किलोमीटर, दुभाजकावर काँक्रीटचं बॅरियर आणि वळणाच्या पोटातच समिट कर्व्ह, म्हणजे चढ संपतो तिथला माथ्याचा गोलवा. प्लॅन (वरून दिसणारा रस्ता) आणि प्रोफाइल (रस्त्याचे चढउतार) वेगवेगळे तपासून झाले होते. बॅरियर ८० सेंटिमीटर उंच आणि चालकाचा डोळा १.०८ मीटरवर, म्हणून ते अडथळ्यात धरलंच नव्हतं. कुणालाही पटेल असं कारण होतं. तुम्हाला पटलं नाही.

तुम्ही कोरा कागद घेऊन सगळं मुळापासून मांडलंत. या वेगात अडीच सेकंदांच्या प्रतिक्रियेतच गाडी जवळपास ७० मीटर पुढे जाते, ब्रेक लागल्यावर आणखी साधारण ११४. म्हणजे १८५ मीटर दिसायलाच हवेत. त्यासाठी दुभाजकालगतच्या लेनच्या मध्यापासून आत सुमारे ७ मीटर मोकळे लागतात. बॅरियर होतं ३ मीटरवर. मग तुम्ही नजरेची रेषा काढलीत. डोळ्यापासून निघून ती पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांपर्यंत, ६० सेंटिमीटरवर उतरते. वाटेत ती बॅरियर दोनदा ओलांडते आणि दुसऱ्यांदा ओलांडताना तिची उंची उरते जेमतेम ६६ सेंटिमीटर. दिवे बॅरियरमागे गडप! हा हिशेब एकसारख्या चढाचा. समिट कर्व्हवर मधला रस्ताच वर उचललेला असतो आणि त्याच्यासोबत बॅरियरही.

“दर वीस मीटरला थांब, प्रत्येक लेनमधून बघ, दोन्ही दिशांनी बघ,” असं सांगून तुम्ही थ्रीडी मॉडेलपुढे माझ्या शेजारी बसलात. प्रकल्प तुमच्याकडे नव्हता, ऑफिस सुटून बराच वेळ झाला होता. त्या लेनमध्ये एखादी गाडी बंद पडून उभी असती, तर मागून येणाऱ्याला ती वेळेत दिसलीच नसती. दोन्ही ड्रॉइंग मात्र नियमात बसत होती.

उपायाच्या वेळीही तुम्ही घाई करू दिली नाहीत. नुसतं आतलं शोल्डर, म्हणजे लेन आणि बॅरियरमधली मोकळी पट्टी, वाढवत नेलं तर लोक त्याचीच लेन करतात, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. शेवटी त्रिज्या बरीच वाढवली, समिट कर्व्ह वळणाबाहेर सरकवला आणि शोल्डर थोडंसंच रुंद केलं. अलाइनमेंट, म्हणजे रस्ता नेमका कुठून जाणार ती रेषा, अजून पक्की व्हायची होती, म्हणून हे जमलं.

आता माझ्या टीममध्ये ही तपासणी अलाइनमेंट गोठवण्याआधी होते, आणि नव्या इंजिनिअरला मी तोच हिशेब कागदावर करायला लावतो. तुम्ही दिलेल्या वेळेबद्दल, मॅडम, मी कायमचा ऋणी आहे.

आपला,
एक ज्युनिअर सहकारी