नळी बर्फाला टेकू न देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. आमची तिसऱ्या वेताची गाय आता उभी राहून वैरण खाते आहे, म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

गाय तापाने आजारी पडली तेव्हा तुमच्या प्रयोगशाळेत येण्याआधी मी तिचे रक्त घेऊन एका खासगी प्रयोगशाळेत गेलो होतो. मे महिन्याच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीत चार तास तापलेली नळी त्यांनी घेतली, पैसे घेतले आणि छापील अहवाल हातात दिला. रक्त कधी काढले, कसे आणले, हा एक प्रश्नही कोणी विचारला नाही. अहवालात साखर फार कमी आली. गाय नुकतीच व्यायलेली असल्याने किटोसिस (व्यायल्यानंतर रक्तातली साखर घटून होणारा आजार) समजून चार दिवस सलाईन चालले, ताप मात्र १०६ अंशांवरून हलेना. अंगाबाहेर आल्यावरही रक्तातल्या पेशी साखर खात राहतात आणि उष्णतेत हे अधिक वेगाने होते, हे मला तुमच्याकडून कळले. चार दिवस आम्ही बहुधा नळीतल्या साखरेवर उपचार करीत होतो.

दुसरा नमुना उन्हापासून वाचवावा म्हणून मी रात्रभर फ्रीजच्या बर्फाच्या खणात ठेवला आणि सकाळी तुमच्याकडे आणला. तुम्ही ती नळी खिडकीच्या उजेडात धरून मला दाखवलीत. खाली गुठळी आणि वर पिवळसर सीरम दिसायला हवे होते, तिथे सगळे गडद लाल, एकजीव झाले होते. गोठल्यामुळे तांबड्या पेशी फुटल्या आहेत, यातून निघालेला आकडा गायीचा नसेल, असे सांगून तुम्ही तपासणी नाकारलीत. त्या नकाराचे मोल मला आज कळते.

त्यानंतर तुम्ही जे केलेत ते मी विसरू शकत नाही. जांभळ्या, लाल आणि करड्या टोपणांच्या नव्या नळ्या व दोन काचपट्ट्या दिल्यात आणि स्वतःच्या जेवणाच्या डब्याभोवतीचा रुमाल सोडून, नळी त्यात गुंडाळून थर्मासात कशी ठेवायची ते करून दाखवलेत. "थंड हवी, पण बर्फाला टेकायला नको," एवढेच म्हणालात. समोर पाच माणसे रांगेत होती, तरी मी ते करून दाखवेपर्यंत तुम्ही थांबलात.

दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरांनी कानाच्या शिरेतले ताजे रक्त गोठ्यातच काचपट्टीवर पसरवून वाळवले. त्यात तुम्हाला थायलेरिया, म्हणजे गोचिडांमुळे पसरणारा रक्तातला परजीवी, सापडला. खांद्यापुढची गाठ का सुजली होती, याचा उलगडा झाला आणि नेमके इंजेक्शन त्याच संध्याकाळी दिले गेले.

समोरच्या माणसाचा माल खराब आहे हे तोंडावर सांगून, तो नीट कसा आणायचा हेही शिकवणारी माणसे मला फार भेटलेली नाहीत. थर्मास आता गावच्या डेअरीत ठेवला आहे, ज्याला नमुना न्यायचा तो नेतो. रुमाल धुऊन ठेवला आहे, सोमवारी येताना घेऊन येतो.

आपला कृतज्ञ,
माण तालुक्यातील एक दूध उत्पादक