लिंकमध्ये बँकेचं नाव दिसलं, म्हणून ती बँकेची होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑनलाइन फसवणुकीवरचा आपल्या रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. शेवटच्या चौकटीत सल्ला आहे : 'लिंक उघडण्याआधी तिच्यात बँकेचं नाव आणि कुलपाचं चिन्ह आहे ना, हे पाहा.' लेख चांगला आहे, पण ही चौकट कापून फ्रिजवर लावणारे वाचक असतात आणि नेमकी तीच चुकीची आहे.

मी सांगलीत डिप्लोमाच्या मुलांना पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवते. माझा एक ठरलेला गृहपाठ आहे : वेबपत्त्यांची फाइल द्यायची आणि प्रत्येक पत्त्यातून संकेतस्थळाचं मूळ नाव वेगळं काढायला सांगायचं. मुलं टिंबांवर तुकडे पाडतात आणि शेवटचे दोन उचलतात. डॉट कॉमवाल्यांपुरतं हे झकास चालतं. मग 'डॉट को डॉट इन'चे पत्ते येतात आणि प्रोग्रॅम प्रत्येक कंपनीचं नाव 'को डॉट इन' असंच छापत सुटतो. शेपूट कुठे एका तुकड्याचं, कुठे दोन तुकड्यांचं. याला सूत्र नाही, यादीच बघावी लागते. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने सुरू केलेली 'पब्लिक सफिक्स लिस्ट' ही ती यादी. ती सर्वांना खुली आहे, ब्राउझरसुद्धा तिचाच आधार घेतात.

काही हुशार मुलं एवढे कष्टच घेत नाहीत. पत्त्यात कुठेही बँकेचं नाव सापडलं की 'बरोबर' म्हणून मोकळी. आपल्या चौकटीतला सल्ला हाच. पायथनमधलं 'यूआरएलस्प्लिट' हे तयार फंक्शन पत्त्याचे पाच भाग करतं. 'एचटीटीपीएस' हा पहिला, यजमान संगणकाचं नाव दुसऱ्यात. पहिल्या एकेरी तिरक्या रेघेनंतर येतो तो पानाचा मार्ग, प्रश्नचिन्हापुढे येते ती जादा माहिती, आणि शेवटी पानातली जागा. मालक कोण, हे फक्त दुसऱ्या भागावरून कळतं. बाकी ठिकाणी संकेतस्थळाचा मालक वाटेल ते लिहू शकतो, तुमच्या बँकेचं नावसुद्धा.

दुसऱ्या भागातही गोम आहे. तो मु.पो., ता., जि. अशा पोस्टाच्या पत्त्यासारखा लहानाकडून मोठ्याकडे जातो, म्हणून उजवीकडून वाचायचा. 'अमुकबँक डॉट कॉम डॉट खाते-तपासणी डॉट इन' हा पत्ता 'खाते-तपासणी डॉट इन'वाल्याचा. डावीकडची बँक ही त्याने स्वतः लावलेली पाटी. आणि त्या भागात ॲटचं चिन्ह असेल, तर त्याच्या आधीचं सगळं युजरनेम समजलं जातं. ब्राउझर जातो तो चिन्हानंतरच्या ठिकाणी.

कुलपाबद्दल तर बोलायलाच नको. तुमच्या आणि त्या संकेतस्थळाच्या मधलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही, एवढंच ते सांगतं. समोरचाच भामटा असेल तर? कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र त्यालाही फुकटात मिळतं. या गैरसमजापायीच क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याशेजारचं ते कुलूप काढून टाकलं.

नंबरप्लेटचंच घ्या. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट, सक्तीची झाली आणि आमच्या गल्लीत जो तो व्हॉट्सॲपवर आलेली लिंक पुढे ढकलू लागला. परिवहन विभागाचा पत्ता 'ट्रान्सपोर्ट डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन'. उजवीकडून 'इन', मग 'गव्ह', मग 'महाराष्ट्र'. 'डॉट गव्ह डॉट इन' हे शेपूट सरकारी यंत्रणेलाच मिळतं. 'महाराष्ट्र-गव्ह डॉट इन' असं आडव्या रेघेचं नाव मात्र कोणीही मागू शकतो.

बँकांसाठी आता सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर जायला सांगितलं होतं आणि ही नावं हैदराबादची आयडीआरबीटी ही एकच संस्था देते. पण 'बँक'च्या आधीचं टिंब पाहायला हवं. 'अमुक डॉट बँक डॉट इन' वेगळं, 'अमुकबँक डॉट इन' वेगळं. शेवट 'बँक डॉट इन' आहे का, एवढंच तपासणारा प्रोग्रॅम दोन्हींना पास करतो. माझ्या वर्गात दरवर्षी कोणीतरी तसा लिहितंच.

तेव्हा ती चौकट पुन्हा छापावी ही विनंती. एक पूर्ण पत्ता घ्यावा, मालकाचा भाग ठळक अक्षरांत आणि उरलेला फिक्या. चार ओळींची जागा पुरेल. आणि आपल्याच अंकातल्या जाहिरातींमध्ये नुसता क्यूआर कोड असतो, त्याखाली पूर्ण पत्ताही छापायला जाहिरातदारांना सांगावं. निदान बँका आणि पतसंस्थांच्या जाहिरातींत तरी.

आपली,
एक संगणक शिक्षिका,
विश्रामबाग, सांगली