गुडघ्याखालची उशी

महोदय,

१४ नोव्हेंबरचा मधुमेह दिन जवळ आला की वर्तमानपत्रांत ‘पाय जपा’ सांगणारे लेख येतात. यायलाच हवेत. पण ज्यांचा पाय जपता आला नाही, त्यांच्यासाठी त्यात ओळही नसते. आमच्या घरात असा एक माणूस आहे, म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शस्त्रक्रियेबद्दल तक्रार नाही. सर्जनने पोटरीचं मांस नि कातडी मागून पुढे घेऊन हाडाचं टोक झाकलं होतं. टाक्यांची ओळ त्यामुळे टोकावर न येता पुढे, नडगीच्या बाजूला आली. पोटरीकडून रक्तपुरवठा बरा असतो म्हणून असं करतात, हे ड्रेसिंग करता करता एका सिस्टरने सांगितलं. एरवी दोन-तीन आठवड्यांत निघणारे टाके अण्णांचे महिनाभर राहिले. एका कोपऱ्यात कातडी काळी पडून पाणी झिरपत होतं. शुगर चढी, त्यात चाळीस वर्षांची तंबाखू. जखमेपर्यंत रक्तच धड पोचेना, तर ती भरणार कशी?

शेजाऱ्यापाजाऱ्यांचं आणखी वेगळंच. भात नको, पू होतो. लिंबू नको, जखम चिघळते. अंडं उष्ण. आम्हीही आठ दिवस ऐकलं आणि अण्णांना भाकरी नि पातळ आमटीवर ठेवलं. डॉक्टर चिडलेच. नवं मांस धरायला प्रथिनं लागतात आणि लिंबातलं क जीवनसत्त्वही, म्हणाले. (भात मोजून खायचा तो शुगरसाठी, पुवाचा त्याच्याशी संबंध नाही.)

पण आमची खरी चूक उशीची. ठणका लागला की आई गुडघ्याखाली उशी सरकवायची, अण्णांना तेवढंच बरं वाटायचं. दोन महिने ती उशी तिथेच होती. जखम भरली, खपली पडली, कृत्रिम पायाचं माप द्यायला गेलो, तर तिथले तंत्रज्ञ गुडघा दाबून बघत म्हणाले, “हा सरळच होत नाही, पाय बसवू कसा?” सतत वाकवून ठेवल्याने मागचे स्नायू आखडले होते. शिवाय क्रेप बँडेज आम्ही गोल गोल गुंडाळत होतो, वर घट्ट नि खाली सैल. सूज टोकाला उतरून स्टंप, म्हणजे कापून उरलेला पाय, पेरूसारखा फुगला होता. बँडेज आठाच्या आकड्यासारखं तिरपं घ्यायचं, टोकाला घट्ट नि वर सैल करत न्यायचं, दिवसातून तीन-चारदा सोडून पुन्हा बांधायचं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. त्यानंतर तीन महिने अण्णा रोज पालथे झोपून व्यायाम करत होते. गेल्या महिन्यात माप झालं.

रात्री ते नसलेल्या अंगठ्याला खाज येते म्हणायचे. आईला वाटलं, भ्रम झाला. पाय गेलेल्या बहुतेकांना असं काही ना काही जाणवतं आणि दुखत असेल तर त्यावर औषधं आहेत, एवढं जरी कुणी आधी सांगितलं असतं तरी तिच्या किती रात्री वाचल्या असत्या.

डिस्चार्जच्या कागदावर गोळ्या आणि पुढची तारीख होती, खाली ‘फिजिओ’ एवढा एकच शब्द. आरोग्य खात्याला विनंती आहे की पाय कापलेल्या प्रत्येक रुग्णाच्या हाती मराठीतलं, चित्रांचं अर्धं पान द्यावं. घरच्या एका माणसाकडून बँडेज सिस्टरसमोर एकदा बांधून घेतल्याशिवाय घरी सोडू नये. टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली असं नाही, हेही त्यात लिहावं. तीन आठवड्यांच्या कातडीत मूळच्या ताकदीचा साधारण पाचवा हिस्साच आलेला असतो. आमच्याकडे न्हाणीच्या उंबऱ्याला स्टंप नुसता आपटला नि एका टाक्याची जागा उसवली.

हे पान निघेल तेव्हा निघेल. कुणाच्या घरी असा रुग्ण नुकताच आला असेल, तर गुडघ्याखालची उशी आजच काढा.

– एक वाचक, कराड